ब्रॉन्झव्हिलच्या रिकाम्या भूखंडांविषयी शिकागोच्या महापौरांना खुले पत्र

माननीय महापौर, शिकागो शहर,

सविनय नमस्कार.

शिकागोच्या दक्षिण भागातील ब्रॉन्झव्हिल या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत शहराच्या मालकीच्या रिकाम्या भूखंडांवर आधी कोणासाठी घरे बांधायची, या एकाच प्रश्नासाठी हे पत्र आहे. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला येणाऱ्या अनेक मराठी मुलामुलींप्रमाणे माझीही शिकागोशी पहिली ओळख याच वस्तीत झाली. त्यांच्याही वाचनात यावे म्हणून ते मराठीत लिहीत आहे. आमच्या संस्थेचा क्राउन हॉल पाहायला जगभरातून वास्तुरचनाकार येतात, पण त्या जागेवर पूर्वी मेक्का फ्लॅट्स ही आतल्या चौकाभोवती सज्जे असलेली, कृष्णवर्णीय कुटुंबांनी गजबजलेली इमारत होती आणि संस्थेच्या विस्तारासाठी ती १९५२ मध्ये पाडली गेली, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

ब्रॉन्झव्हिलचा मोठा भाग असलेल्या ग्रँड बुलेव्हार्डची लोकसंख्या १९५० मध्ये १ लाख १४ हजारांहून अधिक होती. २०१० मध्ये ती २२ हजारांच्याही खाली आली. दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांना घरांच्या करारांतील वर्णभेदी अटींमुळे शहरात इतरत्र घर मिळत नव्हते, त्यामुळे ती दाटी मुळात लादलेलीच होती आणि ती ओसरणे गैर नव्हते. मात्र पुढे शहराने स्वतः उभारलेली घरेही गेली. स्टेट स्ट्रीटलगतच्या रॉबर्ट टेलर होम्सच्या १६ मजली २८ इमारतींपैकी शेवटची २००७ मध्ये पाडली गेली आणि त्या पट्ट्यातील बरीच जमीन अजूनही ओसाड आहे.

वर्णद्वेषी झुंडबळींविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्या नावाचे काय झाले, तेवढे पाहिले तरी पुरे. किंग ड्राइव्हवरील त्यांच्या घराला १९७४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तो योग्यच होता. त्यांच्या नावाने १९४१ मध्ये सुरू झालेल्या वसाहतीतील १,६६२ घरे मात्र टप्प्याटप्प्याने पाडली गेली, आणि २०२१ मध्ये त्याच जागी रिचर्ड हंट यांनी घडवलेले त्यांचे स्मारक उभे राहिले. ते शिल्प सुंदर आहे. तरीही ज्यांच्या आईवडिलांची खोली तिथे होती, त्यांना त्याच रस्त्यावर परवडणारे घर मिळू नये, हे मनाला पटत नाही.

वास्तू जपणे आणि माणसे वसवणे ही कामे एकत्र होऊ शकतात, हे सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरील रोझेनवाल्ड कोर्ट्सने दाखवून दिले आहे. दानशूर उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९२९ मध्ये बांधलेली ही इमारत कित्येक वर्षे बंद पडून होती; पाडून टाकण्याऐवजी तिची दुरुस्ती झाली आणि २०१६ मध्ये २३९ घरांसह ती पुन्हा उघडली. त्यांत वृद्धांसाठी आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे आहेत. जुन्या इमारतीत पूर्वी ४२१ घरे होती, हा हिशेब विसरता येणार नाही. पण दिशा हीच हवी.

आजूबाजूच्या गल्ल्यांमधून फिरताना दोन ग्रेस्टोन, म्हणजे करड्या दगडी दर्शनी भागाच्या, घरांच्या मधोमध गवत माजलेला भूखंड दिसतो आणि उरलेल्या घराच्या उघड्या विटांच्या भिंतीवर पाडलेल्या शेजारच्या घराच्या धुराड्याची काळी खूण दिसते. असे भूखंड विकताना 'परवडणारे घर' कोणते, हे बहुधा संपूर्ण महानगराच्या मध्यम उत्पन्नावरून ठरते, आणि त्यात श्रीमंत उपनगरेही मोजली जातात. साहजिकच कागदावर परवडणारे घर इथल्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर राहते.

म्हणून विनंती आहे की, ब्रॉन्झव्हिलमधील शहराच्या भूखंडांवर हा निकष याच वस्तीच्या उत्पन्नावरून ठरवावा, पाडलेल्या वसाहतींतील कुटुंबांना त्या घरांवर पहिला हक्क द्यावा, आणि नव्या बांधकामामुळे मालमत्ता कर वाढून जुन्या वृद्ध घरमालकांना घर विकावे लागू नये याची तजवीज त्याच ठरावात करावी. तोवर या वस्तीतील भूखंडांची नवी विक्री थांबवावी.

कळावे,

ब्रॉन्झव्हिलमध्ये शिकलेला आपला एक शहरवासी