तुझा फलाट, तुझा समुद्र

प्रिय सुहास,

फोटो जोडून केलेलं तुझं चित्र येऊन आज नऊ दिवस झाले. खाली तू एकच ओळ लिहिली होतीस, "जमलंय का, खरं सांग." खरं सांगायचं तर आधी ते माझं मला कळायला हवं होतं, म्हणून उशीर झाला. पहिल्या दिवशी मोबाइलवर पाहिलं, मग मोठ्या पडद्यावर, मग प्रिंट काढून टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं. दोन दिवस ते उलटं लावून ठेवलं होतं, म्हणजे माणूस, फलाट, पाणी असं काही न वाचता नुसते गडद-फिके आकार दिसावेत. आता लिहायला बसलोय.

आधी हे सांगतो की मला ते आवडलं. रिकाम्या फलाटाच्या कडेला पाठमोरा उभा असलेला माणूस, शेजारी त्याची बॅग, आणि जिथे रूळ असायला हवेत तिथे थेट समुद्र. हे सुचणं सोपं नाही. पण चित्र अजून पुरतं जमलेलं नाही. हा शब्द तूच वापरलास म्हणून तोच धरून बोलतो. आपण 'जमलं' म्हणतो तेव्हा काम साधलं असंही म्हणतो आणि माणसं एकत्र आली असंही म्हणतो. वेगवेगळ्या फोटोंतून एक चित्र करताना हे दोन्ही अर्थ एकच होतात. तुकडे एका चौकटीत आले म्हणजे ते एकमेकांना भेटले असं होत नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि ते आईने शिकवलं.

आमच्या घरच्यांचा तो मोठा फोटो तुला आठवत असेल. त्या दिवशी दादा येऊ शकला नव्हता. फोटो झाला आणि आईच्या मनात राहून गेलं की तो यात नाही. मी दादाचा दुसरा एक फोटो घेतला आणि तीन रात्री बसून त्याला ताई आणि मेहुणे यांच्या मधे उभं केलं. उजेडाची दिशा जुळवली, रंग जुळवले, दोन्ही फोटोंतलं ग्रेन, म्हणजे बारीक कणांचा पोत, सारखं केलं, पायाखाली सावली रंगवली, केसांच्या कडा मास्कमधून, म्हणजे नको तो भाग झाकून, एकेक करून सोडवल्या. ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांतल्या कुणालाही शंका आली नाही. आईने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा कुणाजवळ उभा आहे?" मी म्हटलं, ताईजवळ. ती म्हणाली, "पण ताई त्याच्याजवळ उभी नाहीये."

मग मला दिसलं. ताईचा खांदा मेहुण्यांकडे झुकलेला होता, कारण मूळ फोटोत मधे कुणीच नव्हतं. मी मधली जागा रुंद करून घेतली होती, पण तिथे एक माणूस उभा आहे याची जाणीव कुणाच्याच अंगात उतरली नव्हती. महिन्याभराने मी ताईला पुन्हा उभं केलं, दादाच्या जागी तेवढ्याच उंचीचा एक मित्र उभा केला, आणि ताईला त्याच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितला. त्या दिवशी आभाळ होतं आणि मूळ फोटो उन्हातला. उजेड शेवटपर्यंत जुळला नाही. ताईच्या चेहऱ्यावरच्या सावल्या मऊ आहेत, बाकीच्यांच्या कडक. तरी आईच्या कपाटावर तोच फोटो आहे.

तेव्हापासून कुठलंही जोडलेलं चित्र समोर आलं की मी कड शोधत बसत नाही. आधी हे बघतो की एका तुकड्याच्या येण्याने दुसऱ्या तुकड्यात काही हललंय का. कडा, सावल्या, रंग यांची चूक आपल्याला वाटते तितकी महागात पडत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना वेगवेगळ्या कोनांत ठेवलेल्या बऱ्याच वस्तू दाखवल्या होत्या, त्यांतल्या एकीवरच उजेड वेगळ्या बाजूने पडलेला. ती एक वस्तू शोधायला लोकांना बराच वेळ लागत होता आणि पुष्कळजण चुकत होते. म्हणजे डोळा सगळ्या चित्रातला उजेड एकदम तपासत नाही, जवळजवळच्या गोष्टींपुरता तपासतो. जुन्या चित्रकारांच्या सावल्या बघ, निम्म्या खोट्या असतात आणि आपल्याला त्या खटकत नाहीत. म्हणून तुझ्या चित्रात दिव्याच्या खांबाची सावली आणि माणसाची सावली किंचित वेगळ्या दिशांना जातात ते मी तुला सांगून ठेवतो, पण त्यासाठी एक रात्रही घालवू नकोस.

समुद्र आणि आकाश जोडण्याचा प्रकार फार जुना आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळच्या, काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर देऊन केलेल्या निगेटिव्ह निळ्या रंगाला नको इतक्या संवेदनशील होत्या. पाण्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, बरोबर दिलं की आकाश पांढरं फटक व्हायचं. म्हणून त्याने आकाशाची एक आणि पाण्याची एक अशा दोन निगेटिव्ह घेतल्या आणि क्षितिजावर जोडल्या. तिथे जोडण्याला कारण होतं. ढगांशिवाय त्या लाटांवरचा उजेड कळलाच नसता.

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते इंग्लिश छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सनच्या १८५८ च्या 'फेडिंग अवे' (विझत जाणं) या चित्राबद्दल. पाच निगेटिव्ह जोडून केलेलं चित्र. मरणाच्या दारात टेकलेली एक मुलगी, तिच्याजवळ दोन बायका, आणि मागे खिडकीशी पाठमोरा उभा असलेला पुरुष. मुलगी खरी आजारी नव्हती, मांडून घेतलेलं दृश्य होतं. तरी अनेकांना ते सोसलं नाही, इतकं खाजगी दुःख फोटोत दाखवावं का यावर वाद झाला. मी ते चित्र कितीतरी वेळा पाहिलंय आणि दर वेळी त्या पुरुषाच्या पाठीवर येऊन थांबतो. त्याला मुलीकडे बघवत नाही. त्याची पाठ त्या बिछान्यामुळे तशी झालीय असं वाटतं. दोघं कधी काळी वेगवेगळ्या काचांवर होते हे माहीत असूनही वाटतं. कळल्यानंतरही टिकतं, म्हणून ते जमलेलं चित्र.

त्याच्या एकच वर्ष आधी ऑस्कर रेलांडर या छायाचित्रकाराने तिसांहून जास्त निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' (जगण्याच्या दोन वाटा) केलं. मधे एक म्हातारा आणि दोन तरुण, एका बाजूला व्यसनं, दुसऱ्या बाजूला सद्गुण. व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. कारागिरी बघून थक्क व्हायला होतं. पण मी त्यात शिरू शकत नाही. प्रत्येक गट आपापली भूमिका वठवून उभा आहे, शेजारच्या गटाची कुणाला दखल नाही, आणि मी तुकडे मोजत राहतो. बघणारा मोजायला लागला की समजावं, चित्र हातून निसटलं.

आणि कॅनडाचा छायाचित्रकार जेफ वॉल. १९९३ सालचं, जपानी चित्रकार होकुसाईच्या एका लाकडी ठशाच्या चित्रावरून बेतलेलं ते वाऱ्याचं चित्र. वर्षभराहून जास्त काळ काढलेले शंभराहून अधिक फोटो संगणकावर जोडून केलेलं. उघड्या सपाट माळावर चार माणसं, हातातले कागद उडून आभाळभर झालेत, एकाची टोपी उंच गेलीय आणि तो मान वर करून तिच्याकडे बघतोय, दोन बारीक झाडं वाकलीत. इतक्या तुकड्यांना धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, वारा, आणि वाऱ्याचा फोटो तर काढताच येत नाही. प्रत्येक तुकडा त्या न दिसणाऱ्या वाऱ्याला उत्तर देतो, म्हणून ते सगळे एका क्षणाचे वाटतात.

आता तुझ्या चित्राकडे. तुझ्या चित्रात पाच गोष्टी आहेत. फलाट, माणूस, समुद्र, चंद्र, पक्षी. पहिल्या दोन एकाच फोटोतल्या, बाकीच्या तीन तू आणल्यास.

चंद्रापासून सुरू करतो, कारण तो तुझा लाडका दिसतोय. खरा चंद्र आकाशात अर्ध्या अंशाएवढाच असतो. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने छत्तीस मिलिमीटर रुंद सेन्सरवर तो अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान पडतो, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा साधारण ऐंशीवा भाग. तुझा चंद्र चौकटीचा पाचवा भाग व्यापतो. पण माझी तक्रार आकाराबद्दल नाही. अमेरिकन छायाचित्रकार जेरी युल्समन डार्करूममध्ये अनेक एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारी यंत्रं, शेजारी शेजारी मांडून एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत असे. त्याची झाडं मुळांसकट हवेत तरंगतात आणि आपल्याला ती पटतात. अशक्य असणं हा दोष नाही. तुझ्या चंद्राचा दोष हा की तो आल्याचं कुणालाच कळलेलं नाही. एवढा मोठा पूर्ण चंद्र समुद्रावर आणि पाण्यावर त्याचा एकही चमकता पट्टा नाही, फलाटावर उजेड नाही, माणसाच्या खांद्याला कड उजळलेली नाही. आणि हे सगळं तू रंगवून घातलंस तरी माझा प्रश्न उरतोच, तो तिथे कशासाठी आहे? झाकून बघ. मी हाताने झाकून पाहिलं आणि काहीही कमी झालं नाही. उलट माणसाभोवती शांतता आली. पक्ष्यांचंही तेच. वरची जागा रिकामी वाटली म्हणून तू ते आणलेस हे मला इथे बसून कळतं, कारण मीही तेच केलं असतं.

समुद्राची गोष्ट वेगळी. तो हवाच. पण तो बसलेला नाही आणि त्याचं कारण मला चौथ्या दिवशी सापडलं. फलाटाची कड आणि छताची कड पेन्सिलने पुढे वाढवत नेल्या तर दोन्ही रेषा माणसाच्या कानाच्या उंचीवर एकत्र येतात. कॅमेरा सरळ धरला असेल तर क्षितिज तिथेच असायला हवं. तुझं क्षितिज त्याच्या कमरेशी आहे. त्यामुळे समुद्र फलाटापासून दूर उतारावर घसरत जाताना दिसतो. शिवाय तो फोटो तू बऱ्याच उंचावरून काढलेला आहे, जवळच्या लाटा वरून खाली बघितल्यासारख्या दिसतात. सावलीची चूक डोळा माफ करतो, पण ही चूक पायांना जाणवते. बघणारा त्या माणसाच्या मागे जाऊन उभा राहूच शकत नाही.

क्षितिज वर घे. कानापर्यंत. आणि शक्य झालं तर पाण्याचा दुसरा फोटो काढ, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, पाण्याच्या अगदी काठावरून. मी प्रिंटवर कागदाची पट्टी ठेवून पाहिलं. क्षितिज वर सरकताच त्याचं डोकं पाण्याच्या रेषेवर येतं आणि त्याची नजर नेमकी कुठे गेलीय ते न दिसताही कळतं. तोपर्यंत तो नुसता उभा होता.

तू हे चित्र कुठे लावणार आहेस त्यावरही थोडं अवलंबून आहे, पण तुझ्या बाबतीत फार नाही. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिऑग्राफिकने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले आणि गहजब झाला, कारण वाचकाला त्यांनी जगाचा फोटो देतो असं सांगितलेलं होतं. तू तसं काही सांगत नाहीयेस. रूळांच्या जागी समुद्र बघून कुणीही बातमी समजणार नाही. त्या बाजूने निर्धास्त राहा.

आता मला ज्यासाठी हे पत्र लिहायचं होतं ते. सातव्या दिवशी संध्याकाळी दिवा न लावता बसलो होतो आणि भिंतीवर नजर गेली. बॅग. त्याची बॅग त्याच्या पायाशी नाही, हातभर मागे आहे, कडेपासून आत सरकवलेली. मूळ फोटोत ती सहज तशी ठेवलेली असणार, गाडीची वाट बघणारा कुणीही ठेवेल तशी. पण समोर समुद्र आल्यावर तिचा अर्थच बदललाय. आता ती भिजू नये म्हणून त्याने मागे घेतलेली आहे. स्वतः मात्र तो कडेला उभा राहिलाय. सुहास, हे तू ठरवून केलंस का मला ठाऊक नाही, पण तुझ्या फलाटाला तुझा समुद्र तिथे भेटला. ताईचा हात खांद्यावर पडावा तसा. आणि मोठा चंद्र टांगून तू माझी नजर नेमकी तिथून दूर नेत होतास.

माझं ऐकशील तर फलाटाची कड ओली कर. फार नाही, लाटेचे शिंतोडे उडून फरशीचा रंग गडद होतो तेवढीच, आणि ती ओल बॅगेच्या अलीकडे चार बोटांवर संपू दे. माणसाचे बूट ओल्यात असू देत. ओल्या फरशीत खांबावरच्या दिव्याचं धूसर प्रतिबिंब येईल. तो दिव्याचा लेअर, म्हणजे चित्रातला त्याचा सुटा थर, नुसता उलटा करून चिकटवू नकोस, प्रतिबिंबात वस्तू खालून पाहिल्यासारखी दिसते, त्यामुळे दिव्याच्या टोपीची आतली बाजू दिसायला हवी. त्यासाठी वाकून एक वेगळा फोटो घ्यावा लागेल. घेच.

वरचं आकाश रिकामं ठेवायची भीती वाटेल. दोन दिवस तसंच ठेवून बघ. मग मला पाठव, मोबाइलवर नको, छापून पाठव. आणि बाकी काय हवं ते हलव, बॅगेला हात लावू नकोस.

तुझा,
अनंत