रुग्ण घरी गेल्यावर त्याची चौकशी कोण करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या उपचारांविषयी आपल्याकडे छापून येतं ते बहुतेक बिलांच्या डोळे पांढरे करणाऱ्या आकड्यांविषयी. त्यात खोटं काही नाही. पण २०१२ पासून तिथल्या वृद्धांच्या उपचारांत जो बदल होत आला, त्यावर मराठीत फारसं काही माझ्या वाचनात आलं नाही. मी मिरजेत शिकलेली परिचारिका. नोकरीची शेवटची वर्षं न्यू जर्सीत एका ‘अकाउंटेबल केअर ऑर्गनायझेशन’मध्ये, म्हणजे एसीओमध्ये, केअर मॅनेजर म्हणून काम केलं. आता निवृत्त होऊन सांगलीत आहे आणि इथे मोठ्या रुग्णालयांच्या साखळ्या वाढताना पाहते आहे, म्हणून हे पत्र.

एसीओत काही दवाखाने, काही तज्ज्ञ डॉक्टर, कधी एखादं रुग्णालय असे एकत्र येतात आणि मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्या लोकांच्या सरकारी विमा योजनेतल्या, किमान ५,००० रुग्णांची जबाबदारी घेतात. ही कल्पना अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या डॉ. एलियट फिशर यांनी २००६ मध्ये मांडली. ओबामांच्या २०१० च्या आरोग्य कायद्यात ती आली. डॉक्टरांना तपासणीचे, शस्त्रक्रियेचे पैसे पूर्वीसारखेच मिळत राहतात. मात्र मागच्या वर्षांच्या खर्चावरून मेडिकेअर एक अपेक्षित रक्कम ठरवतं. वर्षअखेर खर्च तिच्यापेक्षा पुरेसा कमी झाला, आणि रक्तदाब, मधुमेह, रुग्णांचं समाधान यांची मोजमापंही पार पडली, तर वाचलेल्या पैशांतला वाटा संस्थेला मिळतो. करार किती जोखमीचा आहे त्याप्रमाणे हा वाटा ४० पासून ७५ टक्क्यांपर्यंत जातो. जोखमीच्या करारात खर्च वाढला तर संस्थेला खिशातून भरपाई द्यावी लागते.

ज्यांचे आईवडील मुलांकडे तिकडे स्थायिक झाले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावर पासष्टीपुढचे पुष्कळ मराठी आजी-आजोबा हप्ता भरून मेडिकेअर घेतात. मग एक दिवस ‘तुमचे डॉक्टर एसीओत सहभागी आहेत’ असं पत्र घरी येतं आणि विमा बदलला की काय म्हणून सगळे घाबरतात. विमा बदललेला नसतो. मेडिकेअर घेणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाण्याची मुभा तशीच राहते. ते पत्र फेकून देऊ नका, आणि त्या घाबरलेपणात फोनवरून कुणी दुसरी योजना विकू लागला तर तिच्यावर सहीही करू नका.

आता माझं काम. आमचा एखादा रुग्ण रुग्णालयात दाखल झाला किंवा घरी सोडला की माझ्या संगणकावर सूचना यायची. घरी गेल्यापासून कामाच्या दोन दिवसांत मी फोन करायचा, हा नियम. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा आणि एकेक नाव वाचून दाखवा.’ मराठी आणि गुजराती घरांत या टेबलावर काय काय निघायचं! रुग्णालयाने लिहून दिलेलं लोसार्टन, आणि शेजारी पुण्याहून बॅगेत भरून आणलेलं टेल्मिसार्टन. दोन्ही एकाच जातीची, रक्तदाबाची. नावं वेगळी म्हणून दोन्ही चालू. आजोबांना उठताना चक्कर येते ती याचीच, आणि पुढची पायरी म्हणजे मोडलेलं खुब्याचं हाड. हृदय कमकुवत असलेल्यांना मी रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायला सांगायची. दोन दिवसांत वजन एकदम चढलं तर अंगात पाणी साठतंय, हे धाप लागण्याच्या आधी कळतं. मग डॉक्टर पाणी काढणाऱ्या गोळीचा डोस फोनवरच वाढवायचे आणि इमर्जन्सीची फेरी टळायची. लोणचं-पापड बंद करा म्हणून कुणी ऐकत नाही. ‘काकू, जेवणात पापड घेतलात तर लोणचं नको’, हे ऐकतात.

यात यंत्र नाही, नवं औषध नाही. या फोनसाठी कुणाला तरी पगार मिळत होता, एवढाच फरक. पूर्वीच्या पद्धतीत रुग्ण परत दाखल झाला तर रुग्णालयाला पैसे मिळायचे, आणि तो घरी नीट राहिला म्हणून कुणालाच काही मिळत नसे.

रुग्णांच्या मेडिकेअर बिलांचे सारे हिशेब एसीओला एकाच ठिकाणी दिसण्याचा फायदा २०२३ मध्ये ठळक दिसला. ज्यांना लघवीच्या नळ्यांची गरजच नव्हती अशा लाखो वृद्धांच्या नावावर त्यांची बिलं लागत होती. हे संशयास्पद वाढलेले आकडे एसीओंनीच उघड केले. एकट्यादुकट्या दवाखान्याला तो घोटाळा कधी दिसलाच नसता.

एकूण पाहता २०२३ मध्ये एसीओंच्या या कार्यक्रमातून मेडिकेअरचे निव्वळ २१० कोटी डॉलर वाचले. मेडिकेअरच्या अवाढव्य खर्चापुढे ही रक्कम लहान आहे, हे मी लपवणार नाही. रुग्णांचे आजार जितके बारकाईने नोंदवले तितकी अपेक्षित रक्कम वाढते, त्यामुळे डॉक्टरांचा वेळ रुग्णाकडे बघण्याऐवजी आजारांचे कोड भरण्यात जातो. ते मला शेवटपर्यंत खटकलं.

पण खरा मुद्दा पुढे आहे. सगळे एसीओ सारखे नाहीत. हार्वर्डचे मायकल मॅकविल्यम्स आणि सहकारी यांनी २०१८ मध्ये दाखवलं की डॉक्टरांच्या गटांनी चालवलेल्या संस्थांत बचत होत गेली आणि वाढत गेली, तर रुग्णालयांशी जोडलेल्या संस्थांत तशी ती दिसली नाही. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा २०२४ चा अहवालही तेच सांगतो: स्वतंत्र डॉक्टरांचे गट आणि फॅमिली डॉक्टरांचं जास्त प्रमाण असेल तिथे बचत अधिक. त्याचं कारण मी रोज पाहत होते. रुग्ण दाखल झाला नाही तर फॅमिली डॉक्टरचं काही बुडत नाही. रुग्णालयाची मात्र खाट रिकामी राहते, आणि त्या खाटेवर कर्ज असतं, पगार असतात. चांगल्या मनाची माणसं दोन्हीकडे होती. पण वाचलेल्या रुपयातला थोडा वाटा मिळवण्यासाठी स्वतःचा पूर्ण रुपया कोण सोडेल?

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमुळे गरीब माणूस मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचला, हे मोठंच काम झालं. पण या योजना पैसे देतात ते मुख्यतः दाखल झाल्यावर, ठरलेल्या पॅकेजप्रमाणे. डिस्चार्जनंतरच्या थोड्या दिवसांची औषधं नि तपासणी कागदावर त्यात आहे, पण त्यासाठी रुग्णाने पुन्हा त्याच शहरात, त्याच रुग्णालयात यायचं. जतहून सांगलीला एसटीने येणाऱ्या माणसाची एक दिवसाची मजुरी त्यात जाते. तो येत नाही. गोळ्या संपतात आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा दाखल होतो. त्याचं नवं पॅकेज.

म्हणून उद्या इथल्या रुग्णालय-साखळ्या किंवा विमा कंपन्या ‘परिणामांवर मोबदला’ अशी योजना घेऊन आल्या, तर शासनाने पहिल्यांदा विचारावं की पैशांची चावी कुणाच्या हातात राहणार. ती रुग्णालयाकडे देऊ नये. पॅकेजचा काही भाग रुग्ण घरी गेल्यावर महिनाभर त्याच्याकडे लक्ष ठेवणाऱ्याला, म्हणजे गावातल्या फॅमिली डॉक्टरला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावा. हे आपल्याला नवीन नाही. बाळ जन्मल्यावर आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या भेटी देतात आणि त्याचे पैसे शासन त्यांना देतं. हृदयविकाराच्या झटक्यातून घरी आलेल्या माणसासाठी अशाच भेटी ठरवता येतील. या वाढीव कामाचे वाढीव पैसे त्यांना मिळावेत, आणि तेही वेळेवर. एखाद्या तालुक्यात हे वर्षभर करून पाहावं, पुन्हा दाखल होणाऱ्यांचे आकडे जाहीर करावेत. सांगली जिल्ह्यात सुरुवात होणार असेल तर प्रशिक्षणासाठी मी विनामूल्य यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, सांगली