सरावाचे चाक आणि शर्यतीचे चाक

संपादक महोदय,

व्यावसायिक सायकलपटू सरावाला साधी, जड चाके केवळ काटकसर म्हणून वापरतात, हा समज अपुरा आहे. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाताना स्वाराची बहुतांश शक्ती हवेचा विरोध तोडण्यातच खर्च होते. म्हणून हा विरोध कमी व्हावा यासाठी शर्यतीच्या चाकांना 50 ते 60 मिलिमीटर खोल (म्हणजे टायरपासून आतल्या बाजूला तितकी रुंद) कार्बन रिम, म्हणजे चाकाची बाहेरची कड, आणि मोजके स्पोक (आरे) असतात. मात्र हीच खोल रिम आडव्या वाऱ्यात हँडल खेचते आणि खड्ड्यात आदळून तडकली, तर बहुधा बदलावीच लागते. वर्षाकाठी हजारो किलोमीटरचा सराव पावसापाण्यात, खराब रस्त्यांवर करणाऱ्याला अधिक स्पोकचे, मजबूत अ‍ॅल्युमिनियम रिमचे चाक हवे. त्यातला एखादा स्पोक तुटला तरी घरी पोहोचता येते. रिमलाच दाबून चाक थांबवणाऱ्या रिम-ब्रेकच्या काळात तर प्रत्येक ब्रेकसरशी रिमच झिजत असे; चाकाच्या मध्यावरील चकतीला पकडणाऱ्या डिस्क-ब्रेकमुळे ते कारण आता उरलेले नाही.

तरीही शर्यतीआधी काही दिवस शर्यतीच्याच चाकांवर सराव झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, कारण वळणावर आणि वाऱ्यात त्यांचे वागणे वेगळे असते आणि ते हातांना आधीच ठाऊक असायला हवे.

आपला,
एक सायकलप्रेमी वाचक