एक आकडा चुकला

ताई,

त्या दिवशी बँकेच्या खिडकीशी तुमचं नाव विचारायचंही भान नव्हतं, म्हणून हे पत्र असं उघडच लिहितेय.

मी नारायण पेठेत डबे करते. मार्केट यार्डातल्या दुकानदाराचं महिन्याचं किराणा बिल, १४,५०० रुपये, यूपीआयनं पाठवताना नंबरात ६ च्या जागी ९ पडला. समोर नाव आलं होतं; योगायोगानं आडनावही तेच. तव्यावर पोळी होती. मी पिन टाकून मोकळी झाले.

घरी दोन दिवस एकच वाक्य ऐकलं, “लक्ष कुठे असतं तुझं?” बँकेतल्या साहेबांनी मान वर न करताच विचारलं, “तुम्हीच पाठवलेत ना? मग आम्ही काय करणार?” अर्ज घेता येतो, एवढंही त्यांनी सांगितलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी तुमच्या खिडकीशी आले. अर्जात कारण म्हणून मी लिहिलं होतं, ‘माझ्या मूर्खपणामुळे’. तुम्ही वाचलंत, त्यावर एक रेघ मारलीत, वर लिहिलंत, ‘मोबाइल नंबरातला एक आकडा चुकला’, आणि कागद माझ्याकडे फिरवून म्हणालात, “इथं छोटी सही करा.” बाकी काही नाही. त्या रेघेनं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. रडू आलं ते नंतर, शनिवारवाड्याच्या स्टॉपवर.

पैसे मिळतीलच असं खोटं आश्वासनही तुम्ही दिलं नाहीत. समोरच्यानं होकार दिल्याशिवाय बँक त्याच्या खात्यातून रक्कम काढू शकत नाही, हे स्पष्ट सांगितलंत. मी त्या नंबरावर सारखे फोन करत होते, तेही थांबवलंत. ‘चुकून पैसे आले, परत करा’ म्हणून फसवणारे असतात, तो बिचारा घाबरला असेल, बँकेकडूनच विचारलेलं बरं, म्हणालात. मला तोवर तो चोरच वाटत होता! नवव्या दिवशी पूर्ण रक्कम जमा झाली. त्या अनोळखी माणसाचेही मनापासून आभार.

नियम सगळ्यांना सारखेच असतात, पण ते सांगताना समोरच्याचा मान राखणारी माणसं भेटली की आधार वाटतो.

परवा माझ्याकडच्या नव्या मुलीनं दोन डबे उलट्या पत्त्यावर दिले. रडवेली होऊन परत आली. मी वहीत लिहिलं, ‘दोन डबे बदलले’, आणि तिला आधी जेवायला बसवलं.