घडीचा कॅम्पर घेणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला परदेशी कॅम्पिंगवरचा लेख इथे मिशिगनमध्ये बसून वाचला. फोटो झकास; पण गाडीमागे ओढायचा घडीचा ‘पॉप-अप’ कॅम्पर (चाकांवरची, कॅनव्हासच्या भिंतींची उघडमीट खोली) नव्याने घेणाऱ्याने सोबत काय ठेवावे, यावर त्यात एक ओळही नाही.

आम्ही जुना कॅम्पर घेतला आणि खुर्च्या, दिव्यांच्या माळा, कॉफीचे भांडे यांवर पैसे उधळले. लडिंग्टन स्टेट पार्कात गाडीपासून तो सोडवला, तर स्वारी वीतभर घरंगळली! चाके घरंगळू नयेत म्हणून लावायच्या उटी (पाचरी) आणल्याच नव्हत्या; मुलाने दगड लावला. उटी लावणे आधी, हुक सोडणे नंतर. कॅम्पर समतल करायला ठोकळे आणि पाणसळही हवी. कोपऱ्यांचे जॅक फक्त डळमळ थांबवतात, वजन उचलायला ते नव्हेत.

पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा पाइप आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर घ्या. बागेचा हिरवा पाइप नको. आत गॅसची शेगडी किंवा हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. तिथे काटकसर नको.

आणि कॅनव्हास! परतताना पावसात तो ओलाच मिटला आणि आठवडाभर तसाच ठेवला. बुरशीचे काळे ठिपके अजून आहेत, वास सौ.च्या बोलण्यात आहे. घरी पोचल्याबरोबर तो उघडून वाळवावा.

सरपण मात्र घरून नेऊ नये. ॲश जातीची झाडे पोखरणारा हिरवा भुंगेरा 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. तो लांबवर पसरतो तो मुख्यतः अशा नेलेल्या लाकडांतून.

आपला,
एक वाचक, ॲन आर्बर