प्रसूतिकक्षातल्या डॉक्टर मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

रोज आपल्या नजरेखालून इतक्या बाळंतिणी जातात की मी नेमकी कोण हे आपल्याला आठवावे, अशी माझी अपेक्षा नाही. खूण म्हणून सांगते : आधीचे एक सिझर, चाळिसावा आठवडा उलटून गेलेला, कळांचा पत्ता नाही, गर्भपिशवीचे तोंड घट्ट मिटलेले आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने अधोरेखित केलेले ‘प्रीव्हियस सिझर’. पुण्यात तेव्हा ढोलपथकांचे सराव रंगात आले होते आणि वॉर्डाच्या खिडकीतून संध्याकाळभर त्यांचा आवाज येत असे. टाके अजून ओढतात, बाळ रात्री जागवते, तरीही हे पत्र आत्ताच लिहिते आहे. कारण महिनाभराने लिहायला बसले तर त्यातला राग मी गाळून टाकीन, आणि तो गाळावा असे मला वाटत नाही.

राग आपल्यावर नाही, आपले तर आभार मानायचे आहेत, हे वेगळे सांगायला नको. माझे पहिले बाळंतपण ज्यांनी केले, त्यांच्यावर तो आहे. शहरातल्या एका नावाजलेल्या खाजगी रुग्णालयात मला कळा याव्यात म्हणून औषधाचे जेल ठेवण्यात आले, आणि ते ठेवून झाल्यावर मला तसे सांगण्यात आले. त्यानंतर कोणीही यावे, हातमोजा चढवावा, ‘पाय सैल सोडा’ म्हणावे, आतून तपासावे आणि निघून जावे, असे दिवसभर चालले होते. एका डॉक्टरांनी तर तपासताना शेजारच्या सहकाऱ्याशी पार्किंगवरून चाललेले बोलणेही थांबवले नाही. दुखते म्हटल्यावर ‘आई व्हायचंय ना?’ एवढे उत्तर मिळाले. संध्याकाळी नवऱ्याची सही घेतली गेली, मला थिएटरमध्ये नेले, आणि घरी जाताना हातात पडलेल्या कार्डावर ‘फेल्ड इंडक्शन’, म्हणजे कळा आणण्याचा प्रयत्न फसला, असा शेरा होता. तो समजावून सांगायला कोणी सापडले नाही, आणि दोष कोणाचा हे कार्डावर लिहिलेले नसल्यामुळे घरच्यांनी तो माझ्या नावावर जमा करून टाकला.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर बदलले. त्यांनी पाचव्या महिन्यातच निकाल दिला : एकदा सिझर झाले की पुढचेही सिझरच, तारीख ठरवून टाकू, गुरुजींना विचारून मुहूर्त काढलात तरी हरकत नाही. हे सूत्र किती जुने आहे, ते मी नंतर वाचले. न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी ते 1916 मध्ये मांडले तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत आणि पुढच्या बाळंतपणात तो उसवण्याची भीती मोठी होती. आज बहुतेकींचा छेद खालच्या भागात आडवा असतो, आणि असे एक सिझर झालेल्या व बाकी काही अडचण नसलेल्या ज्या बायका नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न करतात, त्यांतल्या 100 पैकी साधारण 60 ते 80 जणींना ती साधते. शतक उलटले, छेदाची दिशा बदलली, तरी ते वाक्य अजून जसेच्या तसे पेशंटच्या तोंडावर फेकले जाते. मुहूर्ताची सोय तेवढी आपल्याकडची भर.

अशा दोन अनुभवांची शिदोरी घेऊन मी आपल्या सरकारी वॉर्डात आले होते. आपण केसपेपरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर उलट्या सुरईसारखी गर्भपिशवीची एक आकृती काढलीत, तिच्या गळ्यापाशी पेनाचे टोक टेकवलेत आणि माझ्यापुढे असलेल्या वाटा एकेक करून सांगितल्यात : आणखी थोडे थांबणे, थेट ऑपरेशन करणे किंवा फुग्याने पिशवीचे तोंड मऊ करून पाहणे. गोळ्या आणि जेल आपण का टाळता, हेही सांगितलेत. त्या औषधांनी एकाएकी जोरदार कळा आल्या तर जुना व्रण उसवू शकतो, आणि आधी सिझर झालेल्या बाईला कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉल (याच गोळ्यांतले औषध) देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे आहे. कळा आपोआप आल्या तरी 200 जणींमागे साधारण एकीचा व्रण उसवतो आणि कळा आणवल्या तर हा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, हा आकडाही आपण लपवला नाहीत. मला घाबरवण्यासाठी आकडे यापूर्वी पुष्कळांनी वापरले होते; माझे मला ठरवता यावे म्हणून ते प्रथमच कोणी दिले.

आपल्याला हे सारे पाठ आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या एखादीपुढे उद्या हाच प्रश्न येईल, म्हणून तिच्यासाठी थोडे लिहिते. हा फुगा म्हणजे लघवी काढण्यासाठी वापरतात तीच फोलीची रबरी नळी. ती गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवतात आणि तिच्या टोकाशी असलेला फुगा निर्जंतुक सलाईनने भरतात, 30 मिलिलिटरपासून 80 मिलिलिटरपर्यंत. भरलेला फुगा तोंडाच्या आतल्या बाजूवर टेकून राहतो. त्या दाबाने तोंड हळूहळू उघडत जाते, आणि बाळाभोवतीचे आवरण तिथल्या भिंतीपासून थोडे सुटे झाल्यामुळे शरीर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन तयार करू लागते, ज्याने तोंड मऊ पडते. ते तीनचार सेंटिमीटर उघडले की फुगा आपोआप निसटतो. तोंड कितपत तयार आहे हे ज्या बिशप स्कोअरने मोजतात तो 1964 चा, आणि फोलीची नळी या कामी वापरल्याचे एम्ब्रे आणि मॉलिसन यांनी 1967 मध्ये लिहिले; म्हणजे ही काही कालची टूम नव्हे. समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या काड्या, ज्या ओल शोषून फुगतात, त्या तर याहून जुन्या. हल्ली खास या कामासाठी दोन फुग्यांची नळीही मिळते, ती महाग पडते. साधी फोली मात्र औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि जेलप्रमाणे तिला फ्रीज लागत नाही. वार गर्भपिशवीच्या तोंडाशी खाली आलेली असेल तर हा मार्ग बंद.

फुगा रामबाण आहे, असेही मला म्हणायचे नाही. आपल्या नागपूरच्याच दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गरोदर बायकांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि तो गोळ्यांच्या बाजूने गेला : 24 तासांच्या आत योनीमार्गे प्रसूती तोंडाने मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांत 57 टक्के, फुगा ठेवलेल्यांत 47 टक्के. ज्यांना गोळ्या चालतात त्यांनी तो हिशेब जरूर पाहावा. फुग्याने काम सावकाश होते, पुढे कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे सलाईन बरेचदा लावावे लागते; पण कळांचा अतिरेक होण्याची भीती कमी, आणि नको वाटला तर पाणी ओढून घेऊन तो काढता येतो, जे गिळलेल्या गोळीचे करता येत नाही. व्रण असलेल्या पिशवीच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आपण दिवा जवळ ओढलात, कड्यांतून निसटून अर्धा लोंबणारा पडदा चिकटपट्टीने भिंतीला लावलात आणि कामाला लागलात. नळी आत जाताना ओटीपोटापासून कंबरेपर्यंत अशी चमक गेली की माझ्या तोंडून ‘थांबा’ निघाले. त्याचा काही उपयोग होईल अशी माझी मुळीच कल्पना नव्हती. पूर्वी ते मी कितीतरी वेळा म्हणून पाहिले होते. आपण थांबलात. एवढेच करून राहिला नाहीत, तर दोन्ही हात मागे घेऊन, हातमोजे घातलेले पंजे माझ्या गुडघ्यांच्या मधून मला दिसतील असे वर धरलेत आणि म्हणालात, “थांबलेय. हात बाहेर आहेत, बघा. तुम्ही सांगाल तेव्हाच.” पलीकडच्या टेबलापासून कोणीतरी चढ्या आवाजात विचारले, “झालं का तिकडचं?” मान न वळवता आपण उत्तर दिलेत, “नाही. त्या सांगतील तेव्हा.” हातमोज्यांच्या बोटांवर आयोडीनचे तपकिरी डाग होते आणि मनगटापाशी पावडर साचलेली होती, इतका वेळ मी त्या हातांकडे पाहत होते. आपले खांदे भरून आले असतील. मग मी “हं” म्हणाले आणि आपण पुन्हा सुरुवात केलीत.

माझ्या होकारावाचून त्या खोलीत काहीएक पुढे सरकणार नाही, हे मला तेव्हा पटले, आणि नवल असे की ते पटल्याबरोबर दुखणे सोसवू लागले. पहिल्या खेपेला दहा जणांनी हुकूम सोडूनही सैल न झालेले पाय कोणी न सांगता सैल झाले. यात चमत्कार काही नाही. घाबरलेले शरीर आवळले जाते, हे प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या मावशींनासुद्धा ठाऊक असते. मग ज्यांनी पदव्या घेतल्या त्यांना ते ठाऊक असूनही त्यांनी थांबू नये, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. वेळ नसतो, असे सांगतात. आपल्याकडे तर खाटेला खाट लागलेली होती आणि दाराबाहेर आणखी तिघीचौघी बसून होत्या. ज्या ठिकाणी माझे ऐकले गेले नाही तिथे गर्दी नव्हती, एसी होता, आणि रिसेप्शनवर ताज्या फुलांची परडी होती.

पुढचे लांबवत नाही. नळी मांडीला चिकटवून मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होते तेव्हा लांबून ढोलांचा ठेका येत होता आणि मावशी म्हणाल्या, “चाला चाला, गणपतीच यायला निघालाय.” पहाटे फुगा निसटला, सलाईन लागले, कळा चांगल्या सुरू झाल्या. तोंड सात सेंटिमीटरपर्यंत उघडले आणि तिथेच अडले. डोके खाली सरकेना आणि कळेगणिक बाळाचे ठोके उतरू लागले. आपली ड्यूटी संपलेली असूनही आपण माझ्या उशाशी येऊन मॉनिटरचा कागद मला दाखवलात, काय दिसते आहे आणि आता थांबण्यात काय धोका आहे ते सांगितलेत, आणि सही माझी घेतलीत.

होय, शेवटी सिझरच झाले. भेटायला आलेल्या आमच्या आत्याबाईंनी खाटेशेजारी बसता बसताच विचारले, “एवढा खटाटोप करून मिळवलंस काय मग?” त्यांना त्या वेळी मी उत्तर दिले नाही, ते इथे देते. दोन्ही ऑपरेशने एकाच जागी, एकाच व्रणावर झाली. पहिल्यानंतर कित्येक महिने मला दवाखान्याच्या वासानेही घाम फुटत असे, आणि दुसरे मूल नको असे मी कारण न सांगता म्हणत राहिले. या वेळी टाके ओले असतानाच मी शेजारच्या खाटेवरच्या मुलीला फुगा म्हणजे काय ते समजावून सांगत होते. आत्याबाईंना हा फरक पटेल असे नाही, त्यांची चारही बाळंतपणे घरी झाली आणि त्यांच्या मते आमच्या पिढीला कौतुकच फार. पण आपले आभार मी नॉर्मल प्रसूतीसाठी मानते आहे असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून हे लिहिणे भाग होते.

केंद्र सरकारने 2017 मध्ये प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला, आणि बाळंतिणीशी सन्मानाने वागणे हेही त्यात गुणवत्तेच्या हिशेबात धरले आहे. योजना हव्यातच. पण टेबलावर पडलेल्या बाईला योजना दिसत नाही, तिला समोरच्या माणसाचा चेहरा आणि हात दिसतात. माझ्या आजीच्या पिढीतल्या पुण्याच्या बायका डॉ. बानू कोयाजींचे नाव फार आदराने घेत. केईएम रुग्णालयाचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला, वढूसारख्या गावापर्यंत आरोग्यसेवा नेली, 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजीला यातले काहीच माहीत नव्हते, डॉक्टरीणबाई नीट बोलतात एवढेच ती सांगे. आपण अजून शिकत आहात, पुढे आपल्याला मोठी पदे मिळतील, हाताखाली माणसे येतील. त्यांच्यातला कोणी पलीकडून ‘झालं का?’ असे ओरडला, तर आपण त्याला काय सांगाल याची मला खात्री आहे.

या पत्राची एक प्रत आपल्या विभागप्रमुखांना टपालाने पाठवली आहे. तिच्यात आपले कौतुक आहेच, शिवाय दोन विनंत्या आहेत : पडद्याच्या कड्या बसवून घ्याव्यात, आणि आपण काढलेली ती आकृती, जिची झेरॉक्स मी मागून घेतली होती, मोठी छापून ओपीडीत लावावी. दुसरी प्रत त्या पहिल्या रुग्णालयाला पाठवावी की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. मी ती पाठवणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
कोथरूडची एक बाळंतीण