कूलर नुसता रिकामा करून भागत नाही

माननीय संपादक,

पावसाळा लागला की नागपुरात घरोघरी कूलर बंद होतात आणि तसेच खिडकीला टांगून राहतात. टाकीत चार बोटे पाणी असते, त्यात पावसाची भर पडते. डेंग्यूच्या एडिस डासाला एवढे पुरते. उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायलाच हवी.

पण खरी चूक पुढे होते. मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर पत्र्याला चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच फुटतात. तेव्हा आधी प्लग काढा (पंपाचा शॉक जीव घेतो), तळ, कोपरे आणि चारही बाजू कडक घासणीने खरवडा, पाणी नालीत न सोडता कोरड्या मातीवर ओता, टाकी दिवसभर उन्हात वाळवा. जाळीतले जुने वुडवूल (लाकडाच्या तंतूंचे गवत) काढून टाका. मग प्लास्टिकने झाका.

महापालिकेच्या तपासणी पथकांनी पाणी ओतून देण्यावर न थांबता घासायलाही सांगावे, ही कळकळीची विनंती.

— एक नागरिक, महाल, नागपूर